फ्लायव्हील बसवण्याआधी

मंडळी, जुन्या गाडीचं फ्लायव्हील, म्हणजे क्रँकशाफ्टच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागच्या टोकाला बसणारं जड चाक, बदलायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, 'बोल्टना टॉर्क (आवळण्याचा जोर) किती?' तो आकडा मॅन्युअलमध्ये आहे, बघून घ्या. मी बोलणार आहे ते बोल्ट हातात घेण्याआधीच्या कामाबद्दल. घोळ होतो तो तिथेच.

नवं चाक आधी जुन्याशेजारी ठेवा. रिंग गिअरचे, म्हणजे चाकाभोवतीच्या दातेरी कड्याचे, दात मोजा. डॉवेलची (चाक नेमक्या जागी बसवणाऱ्या खिळीची) भोकं, जाडी, टायमिंगची खूण ताडून पाहा. दातांची तासलेली बाजू स्टार्टरचं पिनियन (छोटं दातेरी चाक) ज्या अंगाने आत शिरतं, तिकडेच हवी. आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. काही इंजिनांत क्रँकशाफ्टचा तोल साधायला फ्लायव्हीलवर मुद्दाम जास्तीचं वजन ठेवलेलं असतं. तिथे साधं चाक लावलंत तर इंजिन थरथरत राहील आणि मेन बेअरिंगांची वाट लागेल.

हलक्या फ्लायव्हीलची हौस पुष्कळांना असते. इंजिन झटकन चढतं खरं, पण आयडलिंगला कुरकुरतं. जुनं बिडाचं चाक लेथवर घालून वाटेल तसं तासणं मात्र मला मुळीच मान्य नाही. वेगात बीड फुटलं, तर तुकडे बेलहाउसिंग (चाकाभोवतीचं कवच) फोडून बाहेर येतात.

आता मुख्य मुद्दा. क्रँकशाफ्टच्या फ्लँजचा (ज्या चकतीवर चाक बसतं तिचा) व्यास समजा ८० मिलिमीटर आणि चाकाचा २८०. फ्लँजच्या कडेला फक्त ०.०५ मिलिमीटरचा कचरा अडकला, तर चाक कलतं आणि परिघावर ती चूक साडेतीन पट होते, म्हणजे जवळपास ०.१७५. परिणाम? क्लच धरताना गाडी थरथरते आणि दोष क्लच प्लेटच्या माथी जातो. म्हणून दोन्ही तोंडं थिनरने पुसा, भोकांच्या कडांवरून ऑइलस्टोन (घासायचा बारीक दगड) फिरवा, बोट फिरवून पाहा. डोळ्याला न दिसणारा कंगोरा बोटाला लागतो.

मागचं ऑइल सील आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा बुश आत्ताच बदला, पुन्हा गिअरबॉक्स कोण उतरवणार? बोल्ट शक्यतो नवे घ्या आणि समोरासमोरचे, टप्प्याटप्प्याने आवळा.

मग डायल गेज (चाक किती डुलतं ते काट्यावर दाखवणारं मापक) लावा. चाक फिरवताना क्रँकशाफ्ट एकाच दिशेला दाबून धरा, नाहीतर शाफ्टची पुढेमागे होणारी हालचालच तुम्ही मोजत बसाल. काटा मॅन्युअलच्या मर्यादेबाहेर गेला, तर चाक काढा, पुसा, पुन्हा मोजा. तरीही तेच आलं, तर गेज थेट फ्लँजवर टेका. फ्लँज सरळ निघाला तर दोष चाकात आहे, ते परत करा. फ्लँजच वाकडा असेल, तर दुसरं चाक आणून उपयोग नाही, क्रँकशाफ्ट खाली उतरवावा लागेल.