चतकोर

(दृश्य : पहाट. खानावळीचं स्वयंपाकघर. काथवटीत ज्वारीचं पीठ मळणारे दोन हात. चेहरा दिसत नाही.)

हे हात माझे आहेत, आवाजही माझाच. चेहरा दाखवणार नाही. मिरजेत आमची खानावळ आहे, गिऱ्हाईक मला ओळखतं. आणि मला न जेवण्याचा आजार होता हे एकदा कळलं की लोक माझ्याशी बोलताना माझ्या ताटाकडे बघतात. ते मला अजून सोसत नाही.

आणखी एक. माझं वजन किती होतं, किती उतरलं, हे या फिल्ममध्ये कुठंच येणार नाही. फिल्म करणाऱ्यांनी विचारलं होतं, मी सांगितलं नाही. हा आजार असलेली एखादी मुलगी हे बघत असेल तर बाकी सगळं सोडून ती तेवढा आकडा उचलेल आणि आपल्या आकड्याशेजारी ठेवून बघेल. मी तरी तेच केलं असतं.

(दृश्य : सतारीच्या दुकानांची गल्ली. पुढं दवाखान्यांच्या पाट्या. खानावळीतली सकाळची गडबड.)

मिरजेला लोक दोन गोष्टींसाठी येतात, सतार घ्यायला आणि दवाखान्यात. आमच्याकडे जेवायला येतात ते बहुतेक पेशंटचे नातेवाईक. कुणी जतचं, कुणी अथणीचं, कुणी पार विजापूरहून आलेलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणतात, हे गिऱ्हाईक काळजीतलं, त्याला विचारून वाढायचं नाही, बघून वाढायचं. कुणाला अजून एक भाकरी हवी आहे आणि मागायला लाजतोय, हे अण्णांना गल्ल्यावर बसून कळतं. त्याच अण्णांना घरातलं ताट वर्षभर दिसलं नाही. यात त्यांची चूक नाही. मी लपवण्यात तेवढी पटाईत होते.

बारावीचं वर्ष होतं. नीटचा क्लास, टेस्ट सीरिज, रँकची यादी. त्यातच इचलकरंजीला आतेबहिणीचं लग्न आलं. मांडवात एक काकू म्हणाली, "काय गं, बरीच सुटलीस की!" बोलून ती पुढं गेलीसुद्धा. लोकांना वाटतं त्या एका वाक्यानं हे झालं. मला तसं वाटत नाही. त्या मांडवात तेच वाक्य आणखी चार-पाच जणींनी ऐकलं असेल, आणि त्या सगळ्या पुढच्या पंगतीला जाऊन बसल्या. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांतून दिसलंय की या आजारात आनुवंशिकतेचा वाटा बराच मोठा असतो. शिवाय सगळं नीटनेटकं, शंभर टक्के हवं असा स्वभाव, वाढीचं वय, परीक्षेचा ताण. लाकडं आधीच रचलेली होती. काकूनं काडी टाकली, तिनं नसती टाकली तर दुसऱ्या कुणीतरी टाकली असती.

आधी गोड बंद केलं. मग भात. मग एक भाकरीची अर्धी, अर्धीची चतकोर. चतकोराच्या अर्ध्याला आमच्याकडे नितकोर म्हणतात, हे मला तोवर माहीतही नव्हतं. एक दिवस माझं ताट बघून आजी म्हणाली, "नितकोर खाऊन कुठं जगत्यात व्हय गं?"

(दृश्य : भिंतीवरचं कॅलेंडर. कॅमेरा तारखांवरून हळू सरकतो.)

आणि मग मला हे कॅलेंडर सापडलं. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा. महिन्याला दोन एकादश्या, एक संकष्टी. श्रावण आणि मार्गशीर्ष वेगळेच. आपल्याकडे न जेवणाऱ्या मुलीला कुणी 'का' विचारत नाही, फक्त वार विचारतात. मी उपास करत होते, पण उपासाचंही खात नव्हते. शेजारच्या बायका आपापल्या मुलींना माझं उदाहरण द्यायच्या. बारीक झाले तेव्हा तर कौतुकच कौतुक. "कसलं डाएट केलंस गं? मला पण लिहून दे." एका बाईंना मी खरंच लिहून दिलं होतं. त्याची मला अजून लाज वाटते.

मे महिन्यात, मिरजेच्या उन्हात, मी स्वेटर घालून बसायचे. पाळी थांबली. केस कंगव्यात गुंतेच्या गुंते यायचे आणि हातांवर मात्र बारीक लव उगवली. अंगातली चरबी संपत आली की ऊब टिकवायला शरीर असलं काहीतरी करतं. जिना चढताना डोळ्यांपुढं अंधारी यायची. आजीनं मीठ-मोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या. आई मला दवाखान्यांत घेऊन फिरली. थायरॉइडची तपासणी झाली, टीबीची झाली, दुर्बिणीनं पोट तपासून झालं. सगळे रिपोर्ट नॉर्मल. एका ठिकाणी तर डॉक्टर हसून म्हणाले, "वयात आलेल्या मुलींची थेरं असतात, लग्न लावून द्या."

अशा वणवणीत एक वर्ष गेलं. आईला अजून त्या वर्षाचा राग येतो.

अखेर एका मानसोपचारतज्ज्ञ मॅडमनी कागदावर नाव लिहिलं, अॅनोरेक्सिया नर्व्होसा. नाव दीडशे वर्षांपूर्वीचं. १८७३ साली लंडनमध्ये विल्यम गल यांनी आणि पॅरिसमध्ये लासेग यांनी, एकाच सुमारास, अशा रोगी मुलींचं वर्णन केलं होतं. 'अॅनोरेक्सिया' म्हणजे भूक नसणं. माझ्या मते नावच चुकलंय. भूक नसती तर काय हवं होतं! माझ्या डोक्यात चोवीस तास दुसरं काही नव्हतं. केमिस्ट्रीचं पुस्तक उघडं ठेवून मी मोबाइलवर बासुंदी आटवण्याचे व्हिडिओ बघायचे. क्लासहून आल्यावर हट्टानं खानावळीत वाढायला उभी राहायचे. लोकांना आग्रह करकरून खायला घालायचे. कुणी ताटात टाकलं की जीव कासावीस व्हायचा.

(दृश्य : जुने कृष्णधवल फोटो. खपाटीला गेलेली पोटं, एका रांगेत बसलेले तरुण.)

याचा उलगडा मला फार पुढं, एका जुन्या प्रयोगाबद्दल वाचताना झाला. नोव्हेंबर १९४४. महायुद्ध संपत आलेलं, युरोपात लाखो लोक उपाशी. त्यांना परत खाण्यावर कसं आणायचं हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात, फुटबॉल स्टेडियमच्या खालच्या खोल्यांत, अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञानं ३६ तरुण ठेवले. युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले, शरीरानं आणि मनानं ठणठणीत, पारखून घेतलेले. २४ आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवलं. एवढंच.

आणि ते माझ्यासारखे वागायला लागले. घास तासन्‌तास पुरवून खाणं, ताट चाटणं, सतत गारठणं, चिडचिड, मित्रांशी बोलणं बंद. काहींनी तर पाककृतींची पुस्तकं जमवायला सुरुवात केली. ना त्यांना कुणी सुटलास म्हटलं होतं, ना त्यांना बारीक व्हायचं होतं. म्हणजे ज्याला मी माझं वेड समजत होते, त्यातलं अर्धं निव्वळ उपासमारीचं होतं. पोटात पडल्याशिवाय डोकं ताळ्यावर येणार नव्हतं. आधी अक्कल येईल, मग जेवण, असं होत नाही.

पण जेवण घालायचं म्हणजे काय, तेही सोपं नाही. मला ॲडमिट केलं त्या संध्याकाळी अण्णा पाच पुडांचा डबा घेऊन आले. वरण-भात, तूप, मटकीची उसळ, भाकरी, शिरा. रडत रडत भरलेला डबा. मॅडमनी दारातच थांबवला. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्यानं खाली येतं आणि हृदय बंद पडू शकतं. युद्धानंतर सुटलेल्या कैद्यांना मायेनं पोटभर वाढलं आणि त्यातले काही त्या जेवणानंच गेले. रोज रक्त तपासायचं, रोज थोडं वाढवायचं, असं चालतं ते. अण्णा डबा परत घेऊन गेले. जन्मभर लोकांना वाढणाऱ्या माणसाला 'वाढू नका' हे ऐकणं काय असेल, ते मला तेव्हा कळलं नाही.

वजन करताना मला काट्याकडे पाठ करून उभं करायचे. आकडा वहीत जायचा, मला नाही.

(दृश्य : घरातलं टेबल. एक ताट, एक वाटी, स्टीलचं फुलपात्र. भिंतीवरचं घड्याळ.)

घरी आल्यावर खरं काम सुरू झालं, ते या टेबलावर. वयानं लहान रुग्णांसाठी लंडनच्या मॉड्सली हॉस्पिटलमध्ये १९८० च्या दशकात एक पद्धत पुढं आली. त्यात आईवडिलांना दोष द्यायचा नाही, उलट त्यांच्याच हातात जेवणाचा कारभार द्यायचा. काय खायचं, किती खायचं, कधी खायचं हे काही महिने मुलीनं ठरवायचं नाही. मी तेव्हा अठराची. मॅडमनी विचारलं, चालेल का? मी नाही म्हणाले. आई म्हणाली, चालेल.

दिवसातून सहा वेळा. तीन जेवणं, तीन खाणी. अण्णांनी दुपारचा गल्ला चुलतभावाकडे दिला आणि माझ्यासमोर येऊन बसायला लागले.

एक रात्र सांगते. ताटात एक सबंध भाकरी, वांग्याचं कालवण, वाटीभर दही. आठला बसलो. मी भाकरीचे तुकडे केले, त्या तुकड्यांचे तुकडे केले. कालवणावर तेलाचा तवंग गोठला. साडेआठला मी ओरडले. नऊला ताट ढकललं, दही आईच्या साडीवर सांडलं. आई उठली, साडी न बदलता आत गेली आणि दुसरी वाटी भरून आणली. मी तिला जे बोलले ते इथं सांगणार नाही. आजी कोपऱ्यातून म्हणाली, "ही न्हाई बोलत, हिच्यातली अवदसा बोलतीया." पुढच्या वेळी आईनं हे मॅडमना सांगितलं. मला वाटलं त्या हसतील. त्या म्हणाल्या, "आजी बरोबर बोलल्या. भांडायचं ते तिच्याशी, मुलीशी नाही." तेव्हापासून घरात आजाराचं नाव अवदसा.

त्या रात्री पावणेदहाला ताट रिकामं झालं. अण्णा तेवढा वेळ समोर बसून एका सतारवाल्याचा भोपळा प्रवासात कसा फुटला ते सांगत होते. तीच गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली.

पाच-सहा महिन्यांनी पाळी आली, केस गळायचे थांबले, आणि सगळ्यांना वाटलं सुटलो. तेव्हाच भूक सुटली. रात्री दोन वाजता मी खाली खानावळीत जाऊन पातेल्यातला गार भात हातानं खायचे, दिवा न लावता, पोट दुखेपर्यंत. मग तिथंच फरशीवर बसून रडायचे. मला वाटलं, आता हा दुसरा आजार लागला. तो धोका असतोही. उपाशी राहणं आणि आवर न घालता खाणं या फेऱ्यात अनेकजणी अडकतात, आणि त्यांचं वजन बघून कुणाला पत्ताही लागत नाही. पण मिनेसोटातल्या त्या पोरांचंही असंच झालं होतं. पोटभर मिळायला लागल्यावरही कित्येक महिने त्यांचं समाधान होत नव्हतं. मॅडमनी उपाय सांगितला तो मला उलटा वाटला. रात्री भात खाल्ला म्हणून सकाळचा नाश्ता चुकवायचा नाही. चुकवलास की पुढच्या रात्री परत पातेलं. आणि आईनं एक केलं. रात्री झोपताना ती स्वयंपाकघरातला दिवा चालू ठेवायला लागली. बोलली काही नाही.

(दृश्य : तालीम. लाल मातीत घुमणारे पोरगे.)

हे फक्त मुलींचं नाही. आमचा भाग कुस्तीचा. गटात बसायला वजन उतरवणारी पोरं आमच्या खानावळीत येतात, ताटावर बसून पाणी पिऊन उठतात. त्यातल्या बहुतेकांचं स्पर्धा झाली की सुरळीत होतं. एखाद्याचं होत नाही. त्याला कुणी आजार म्हणत नाही, जिद्द म्हणतात. मानसिक आजारांत सर्वाधिक जीव घेणाऱ्यांत अॅनोरेक्सियाची गणना होते, कधी हृदयामुळं, कधी आत्महत्येमुळं. यात 'थांबून बघू' म्हणून चालत नाही.

(पडद्यावर अक्षरं : टेली-मानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. सरकारी, विनामूल्य, चोवीस तास. मराठीतूनही बोलता येतं.)

(दृश्य : तव्यावर भाकरी फुगते.)

आता मी सत्तावीस वर्षांची आहे. डॉक्टर झाले नाही, खानावळीचे हिशेब बघते, दुपारी तिसऱ्या पंगतीला अण्णांबरोबर जेवते. बरी आहे का? आहे. पण परीक्षा, भांडण, ताप, काहीही आलं की पहिल्यांदा हात ताटावरूनच मागं येतो. मागच्या वर्षी स्थळ आलं होतं. मुलाच्या आईनं साडीत उभं करून बघितलं, त्यानंतर चार दिवस मी भाकरीचे तुकडे करत होते. पाचव्या दिवशी मी स्वतःच मॅडमना फोन लावला. पूर्वी मी ते आईपासूनसुद्धा लपवलं असतं.

उपास मी करत नाही. मॅडमनी अगदी सुरुवातीलाच बंद केले होते. घरात वारकऱ्याची माळ, पंढरपूर जवळ, त्यामुळं एकादशी मोडणं म्हणजे लहान गोष्ट नव्हती. मी आजीला घाबरत घाबरत सांगितलं होतं. आजी म्हणाली, "विठोबाला मी सांगती. तुझी एकादशी मी धरती." आणि तिनं गेली नऊ वर्षं धरली, महिन्याला दोन, माझ्या नावानं.

(दृश्य : रात्र. आजी पाटावर बसलेली. समोर साबुदाण्याचा डबा.)

परवा आषाढीच्या आदल्या रात्री तिनं विचारलं, "आता बरी हाईस. तुझी एकादशी तू धरणार, का मीच धरू?"

मला मोह झाला. मोह झाला म्हणूनच म्हटलं, "तूच धर."

आजीनं डबा उघडला, एक वाटी साबुदाणा भिजत घातला. मग माझ्याकडे बघितलं आणि दुसरी वाटी ओतली.

"दोघींचा उपास हाय," म्हणाली, "एका वाटीत कसा भागंल?"