गाडी कमवायची की उचलायची

मंडळी, फलकावर विषय लिहिलाय, ‘रेसिंग गेमचा पुढचा भाग विकत घेण्याआधी काय तपासावं’. तिकडे येतोच. पण त्याआधी २००५ सालचं एक जुनं येणं वसूल करायचंय. ‘नीड फॉर स्पीड: मोस्ट वाँटेड’ या रेसिंग गेममध्ये रेझर नावाच्या खलनायकाला हरवलेल्यांनी हात वर करा बरं. बघा, निम्म्याहून जास्त सभागृह! मग माझं काम सोपं झालं.

त्या गेमची सुरुवात आठवा. बीएमडब्ल्यू एम३ जीटीआर हाती येते, निळी-चंदेरी, आणि तिच्या गिअरचा तो किंचाळणारा आवाज. रेझरशी शर्यत लागते, गाडीत आधीच घातपात झालेला असतो, ऐन शर्यतीत ती बंद पडते आणि रेझर ती घेऊन जातो. मग तुम्ही शोरूममध्ये उभे, खिशात मोजके पैसे, आणि समोर पुंटो, गोल्फ, कोबाल्ट, लेक्सस. इथून ब्लॅकलिस्टवरच्या, म्हणजे शहरातल्या नामी रेसरांच्या यादीतल्या, १५व्या माणसापासून पहिल्यापर्यंत चढायचं. प्रत्येकाला आव्हान देण्याआधी तीन गोष्टी लागायच्या: ठरावीक शर्यती जिंकणं, पोलिसांच्या पाठलागातले टप्पे पूर्ण करणं आणि डोक्यावरचं बक्षीस ठरलेल्या आकड्यापर्यंत नेणं. जिंकलात की समोर मार्कर, म्हणजे बक्षिसांच्या चिठ्ठ्या, यायचे, त्यातले फक्त दोन निवडायचे. एखाद्यामागे हरलेल्याची गाडी लपलेली असायची. तेव्हा कितीतरी घरांत पोरांनी देवाचं नाव घेऊन माउस दाबलाय!

आणि धोका खरा होता. एकाच गाडीत पुन्हा पुन्हा पकडले गेलात की गाडी जप्त. त्यामुळे पाठलाग संपताना, पोलिसांच्या नजरेआड एखाद्या बोळात गाडी लावून, पाठलाग थंडावत असल्याचं दाखवणारी ती कूलडाउनची पट्टी भरायची वाट बघताना, छाती धडधडायची. पट्टी भरत आलेली असताना शेजारच्या रस्त्यावरून एक गस्तीची गाडी गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. जीटीआर परत मिळते ती रेझर हरल्यावर, अगदी शेवटी. तोवर तिची किंमत हातांना कळलेली असते.

आता २०१२. नाव तेच, मोस्ट वाँटेड. स्टुडिओ क्रायटेरियन, शहर फेअरहेवन. गाड्या कुठे? रस्त्याच्या कडेला उभ्या. जवळ जायचं, बटण दाबायचं, गाडी तुमची. पैसे नाहीत, शोरूम नाही, जप्तीची भीती नाही. बॉडी किट, स्पॉयलर, विनाइल, सजावटीचं काहीच लावता येत नाही. रंग बदलायचा तर दुरुस्तीच्या गॅरेजमधून भरधाव निघून जायचं. सुधारित टायर, नायट्रो वगैरे त्या-त्या गाडीच्या शर्यती जिंकून मिळतात, पण गाडी बदलली की तीच कसरत नव्याने. १५ जणांच्या जागी १० गाड्या उरल्या, आणि त्या चालवणारी माणसं नाहीतच. नाव नाही, चेहरा नाही. मग कुणाचा राग धरून खेळायचं?

क्रायटेरियनवर माझा रोष नाही, हे स्पष्ट सांगतो. ‘बर्नआउट पॅराडाइज’ (२००८) त्यांचाच, आणि उत्तम गेम. २०१२चा गेमही चालवायला मस्त होता, समीक्षकांनी चांगले गुण दिले ते योग्यच. पण तो स्वभावाने बर्नआउट होता. पोरगं गुणाचं, आडनाव मात्र दुसऱ्याचं लावलेलं! नाव हे ग्राहकाला दिलेलं वचन असतं. हल्दीराम लिहिलेलं पाकीट फोडावं आणि आत उत्तम प्रतीची बिस्किटं निघावीत, तरी संत्रा बर्फीसाठी आलेला माणूस हिरमुसणारच.

माझं म्हणणं एवढंच आहे. चाहता तक्रार करताना ग्राफिक्सचं नाव घेतो, हँडलिंगचं घेतो, पण बहुतेक वेळा दुखणं वेगळ्या जागी असतं. गाडी मिळवण्याची वाट बिघडवली की त्याचं मन मोडतं. याच नीड फॉर स्पीड मालिकेतला २०१७चा ‘पेबॅक’ घ्या. इंजिनचे भाग म्हणजे स्पीड कार्डं झाली, आणि नको असलेली तीन देऊन जुगाराच्या यंत्रासारखी एक फिरकी मिळायची. कष्टाच्या जागी नशीब आलं. लोक इतके चिडले की बक्षिसं वाढवावी लागली, आणि २०१९च्या पुढच्या भागात, ‘हीट’मध्ये, कार्डं गेलीच. ‘ग्रान टुरिस्मो ७’ या दुसऱ्या मालिकेतल्या गेममध्ये उलटा त्रास. मार्च २०२२च्या अपडेटमध्ये शर्यतींची बक्षिसं कापली, त्याच वेळी सर्व्हर ३० तासांहून जास्त बंद पडले, आणि एकट्याने खेळायच्या बहुतेक भागालाही इंटरनेट लागत असल्यामुळे सगळेच अडकले. मॅक्लारेन एफ१ ची किंमत तेव्हा १ कोटी ८५ लाख क्रेडिट, म्हणजे गेममधले पैसे. खऱ्या पैशांनी विकत मिळणारी क्रेडिटची सर्वांत मोठी थैली २० लाखांची, म्हणजे नुसत्या खऱ्या पैशांनी गाडी घ्यायची तर १० थैल्या. शेवटी माफी मागून प्रत्येकाला १० लाख क्रेडिट द्यावे लागले आणि बक्षिसं पुन्हा वाढवावी लागली. २०२३च्या ‘फोर्झा मोटरस्पोर्ट’ने प्रत्येक गाडीला ५० पातळ्या लावल्या, गाडी तुमची, पण तिचे भाग उघडण्यासाठी तिलाच तासन् तास पिदडायचं. २०२४मध्ये तेही बदललं.

चिठ्ठी आली आहे, वेळ संपत आला. तर फलकावरचा विषय, भरभर.

स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात खरेदीपासून १४ दिवसांत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. डाउनलोडचा वेळ त्यात धरत नाहीत, पण गेम उघडून मेन्यूवर ठेवला तर घड्याळ चालू राहतं. म्हणून कथेची दृश्यं गाळा, थेट गॅरेजात जा. दुसरी गाडी घ्यायला किती शर्यती लागतील, ते गाडीच्या किमतीला एका शर्यतीच्या बक्षिसाने भागून बघा. पैशांऐवजी कार्ड, पातळी किंवा सोडत आडवी आली तर सावध व्हा.

मग एकच ट्रॅक तीनदा चालवा. पहिल्या फेरीत झटके बसले आणि तिसरीत थांबले तर शेडर (दृश्य रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होत होते, गेमचं मूळ ठीक आहे. सुरुवातीला गुळगुळीत आणि २० मिनिटांनी झटके, तर दोष उष्णतेचा. आपल्या नागपुरात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना लॅपटॉपचा प्रोसेसर ९५ च्या पुढे जाऊन आपोआप वेग कमी करतो, आणि शिव्या गेमला बसतात. लॅपटॉपची मागची बाजू इंचभर उचला, फ्रेम सेकंदाला ६० वर बांधा, पुन्हा बघा. प्रत्येक फेरीत त्याच वळणावर झटका बसला तर मात्र दोष गेमचा.

वायफाय बंद करून करिअर, म्हणजे एकट्याने खेळायचा मुख्य भाग, उघडतं का, हे नक्की बघा. ‘द क्रू’ या रेसिंग गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ला बंद झाले आणि विकत घेतलेला गेम एकट्यालाही चालवता येईना.

आणि फोनवर १ तास ४० मिनिटांचा गजर लावून ठेवा. वाजला की गेम बंद करा, ठेवायचा की परत करायचा ते तेव्हाच ठरवा. आता प्रश्न घेऊ, मागच्या रांगेपासून.