जांभळे पान, निळे द्रावण

पडद्यावर दिसणारे मक्याचे हे रोप अजून गुडघ्यालाही लागलेले नाही आणि त्याच्या खालच्या पानांच्या कडा जांभळ्या पडल्या आहेत. स्फुरद (फॉस्फरस) कमी पडले, असे पाहणारा चटकन म्हणतो. तसे असेलही, परंतु जमीन थंड किंवा दबलेली असून मुळे पसरली नसली, तरी पाने अशीच दिसतात आणि काही वाणांत हा रंग जात्याच असतो. खताची गोणी फोडण्यापूर्वी माती तपासायची ती यासाठी.

शेतात नागमोडी चालत, बांध, झाडाची सावली आणि शेणखताच्या ढिगाची जागा टाळून, १५ ते २० ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे खड्डे घेतले जात आहेत. खुरपे खड्ड्याच्या कडेने वरपासून तळापर्यंत सारख्या जाडीचा काप काढते. वरची भुसभुशीत माती ओंजळीने उचलली की आकडा फुगतो, कारण स्फुरद फारसे हलत नाही आणि जिथे पडते त्या थरातच साठून राहते. सगळे काप घमेल्यात एकजीव करून ढिगाचे चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचे. एक हेक्टरमधील वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन सुमारे २० लाख किलो भरते आणि प्रयोगशाळेच्या तराजूवर त्यातली जेमतेम २.५ ग्रॅम माती जाते. इथे झालेली चूक पुढचे कोणतेही यंत्र दुरुस्त करू शकत नाही.

सावलीत वाळवून चाळलेल्या या मातीत ८.५ सामूचे (पीएचचे) सोडियम बायकार्बोनेटचे ५० मिलिलिटर द्रावण घालून ती अर्धा तास हलवली जाते. १९५४ मध्ये मांडलेली ही ओल्सेन पद्धत चुनखडीच्या जमिनीसाठी आहे, जिथे कॅल्शियम स्फुरदाला धरून ठेवते. आम्लधर्मी जमिनीत लोह व ॲल्युमिनियम तेच करतात आणि तिथे १९४५ ची ब्रे पद्धत वापरतात. गाळलेल्या द्रावणात मॉलिब्डेट आणि ॲस्कॉर्बिक आम्ल मिसळले की काचेच्या नळीत हळूहळू निळा रंग चढतो. स्फुरद जितके अधिक, तितका तो गडद.

या निळ्या रंगावरून आलेला आकडा जमिनीतील एकूण स्फुरदाचा नसून पिकाला मिळू शकणाऱ्या स्फुरदाचा निर्देशांक असतो, आणि तो ज्या पद्धतीने काढला तिच्याच, स्फुरद कमी की जास्त हे सांगणाऱ्या तक्त्यात वाचावा लागतो. ओल्सेनचा आकडा ब्रेच्या तक्त्यात घालणे ही सर्रास होणारी चूक आहे. जास्तीचे स्फुरद मक्याला जस्त मिळू देत नाही आणि वाहून गेल्यास तळ्यात शेवाळ माजवते.

पेरणीयंत्राचा फाळ आता जमिनीत उतरला आहे. बियाण्याच्या बाजूला ५ आणि खाली ५ सेंटिमीटरवर, कोवळे मूळ पहिल्यांदा पोहोचेल अशा ठिकाणी, अहवालात सांगितले तेवढेच खत पडत आहे.