वॉशिंग्टनचा कायदा आणि काँग्रेसची फुली

मंडळी, आज मी ज्या काँग्रेसबद्दल बोलणार आहे ती अमेरिकेची संसद. आपल्याकडच्या काँग्रेस पक्षाचा तिच्याशी संबंध नाही, तेव्हा कुणी सावरून बसू नये. २०२३मध्ये तिनं वॉशिंग्टन शहराचा नवा फौजदारी कायदा मोडीत काढला, त्याची ही गोष्ट.

वॉशिंग्टन डीसी कुठल्याच राज्यात मोडत नाही. वस्ती सात लाखांच्या आसपास, म्हणजे वायोमिंग किंवा व्हरमाँट या राज्यांहून जास्तच. तरी सिनेटमध्ये या शहराचा एकही सदस्य नाही. प्रतिनिधिगृहात एक आहे. १९९१पासून एलिनॉर होम्स नॉर्टन तिथे भांडत आल्या, पण विधेयकावरच्या अंतिम मतदानात त्यांना मत नाही. कर मात्र पुरेपूर. तिथल्या मोटारींच्या नंबरप्लेटवरच ‘प्रतिनिधित्वाविना कर’ अशी तक्रार छापलेली असते.

१९७३च्या स्वशासन कायद्यानं शहराला महापौर आणि १३ जणांची कौन्सिल मिळाली. दोरी तेवढी काँग्रेसनं हातात ठेवली. कौन्सिलचा कायदा काँग्रेसपुढे ठेवावाच लागतो. साध्या कायद्याला कामकाजाचे ३० दिवस, फौजदारी कायद्याला ६०. तेवढ्यात दोन्ही सभागृहांनी नामंजुरीचा ठराव केला आणि राष्ट्राध्यक्षांनी सही केली, की शहराचा कायदा रद्द.

आता शहराच्या ज्या जुन्या फौजदारी संहितेवरून हे रामायण झालं तिच्याकडे वळू. ती १९०१ची, आणि तीही काँग्रेसनंच करून दिलेली. पुढे ठिगळं लागत गेली. साध्या मारहाणीला शिक्षा सांगितली आहे, पण मारहाण म्हणजे नेमकं काय, ते कलमात नाही; जुने निकाल चाळून ठरवायचं. उलट रस्त्यात चेंडू खेळायला मनाई करणारं एक कलम आहे, दंड पाच डॉलरपर्यंत. काठीनं चेंडू, दगड किंवा दुसरं काही टोलवायचा कुठलाही खेळ त्यात बसतो. आपला विटीदांडूसुद्धा सुटणार नाही!

या जंजाळाची फेरमांडणी करायला २०१६मध्ये एक आयोग नेमला गेला. सल्लागारांत सरकारी वकीलही होते आणि आरोपींची बाजू मांडणारेही. त्या कामातून जे विधेयक आलं ते नोव्हेंबर २०२२मध्ये कौन्सिलनं एकमतानं मंजूर केलं. जानेवारीत महापौर म्युरिएल बाउझर यांनी ते नाकारलं आणि कौन्सिलनं १२ विरुद्ध १ मतांनी त्यांचा नकार मोडून काढला.

पुढची सगळी लढाई एका आकड्यावर आली. तिकडे कारजॅकिंग म्हणतात, म्हणजे माणसाला धमकावून त्याच्या हातातली गाडी पळवणं. शस्त्र दाखवून केलं तर जुन्या कायद्यात कमीत कमी १५ आणि जास्तीत जास्त ४० वर्षं. नव्यात कमाल २४. झालं! ‘गुन्हेगारांना सवलत’ ही घोषणा आयतीच मिळाली. खुनाच्या प्रयत्नाची शिक्षा वाढणार होती, हे कुणी ऐकूनच घेतलं नाही. २४ वर्षं म्हणजे काही सवलत नव्हे, असं माझं मत आहे. माणूस पंचविशीत आत गेला तर पन्नाशीला टेकून बाहेर येईल. शिवाय हा कायदा लागू व्हायचा होता ऑक्टोबर २०२५मध्ये. म्हणजे २०२३मधल्या वाढत्या गुन्ह्यांचं खापर त्याच्यावर फोडणं हा शुद्ध कांगावा होता.

पण कौन्सिललाही मी सोडणार नाही. आदल्या वर्षी शहरात २०३ खून झाले होते, लोक धास्तावलेले होते. अशा वेळी स्वतःच्या महापौरांना डावलून पुढे रेटायचं, तेही आपल्या डोक्यावर दुसरा धनी बसला आहे हे ठाऊक असताना, याला शहाणपण म्हणता येत नाही.

९ फेब्रुवारी २०२३ला प्रतिनिधिगृहानं नामंजुरीचा ठराव २५० विरुद्ध १७३ असा संमत केला. राष्ट्राध्यक्ष बायडन यांच्याच पक्षाचे ३१ डेमोक्रॅटही ठरावाच्या बाजूला गेले. त्याच सकाळी त्यांच्याच एका सदस्येवर वॉशिंग्टनमधल्या राहत्या इमारतीच्या लिफ्टमध्ये हल्ला झाला होता. मार्चच्या सुरुवातीला बायडन यांनी सही करणार असल्याचं जाहीर केलं. तेव्हा कौन्सिलचे अध्यक्ष फिल मेंडेलसन यांनी शक्कल लढवली: विधेयक परत घेतो, असं पत्रच सिनेटला धाडलं. सिनेटनं त्या पत्राला भीक घातली नाही. ८१ विरुद्ध १४. २० मार्चला सही झाली. कौन्सिलचा कायदा असा मोडीत निघण्याची तीस वर्षांतली ही पहिलीच वेळ. त्याआधी १९९१मध्ये इमारतींच्या उंचीवरून झालं होतं.

आपल्याला इथे महिला-बालकांवरच्या अत्याचारांविरुद्धचं शक्ती विधेयक आठवेल. महाराष्ट्र विधिमंडळानं ते डिसेंबर २०२१मध्ये मंजूर केलं, पण राष्ट्रपतींची संमती मिळालीच नाही. फरक असा, की ते कायदा कडक करणारं होतं, आणि महाराष्ट्राला दिल्लीत मत देणारे खासदार तरी आहेत.

वॉशिंग्टनची आणखी एक गंमत. तिथल्या प्रौढांवरचे गंभीर खटले चालवणारा मुख्य सरकारी वकील राष्ट्राध्यक्ष नेमतात. न्यायाधीशही तेच नेमतात. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी केंद्राच्या तुरुंगात जातात. शहराच्या हाती उरतं ते कायद्याचं पुस्तक, आणि तेही असं.

२०२३मध्येच काँग्रेसनं याच कौन्सिलच्या पोलीस सुधारणांच्या कायद्यावरही नामंजुरीचा ठराव केला. मे महिन्यात तो ठराव बायडन यांच्या टेबलावर आला. या वेळी त्यांनी नकाराधिकार वापरला आणि शहराचा कायदा वाचला.