‘घर आहे की धर्मशाळा?’ : जीसीएसईच्या पेपरात मन वळवताना
(इंग्लंडमधल्या मराठी पालकांपुढे आणि त्यांच्या मुलांपुढे केलेलं भाषण, थोडं संपादित करून)

नमस्कार. पुढच्या रांगेत इयर टेन-इलेव्हनची मुलं दिसताहेत. चेहऱ्यांवरून कळतंय की ती आलेली नाहीत, त्यांना आणलंय. म्हणजे मन वळवायचं एक काम आज सकाळी घरोघरी उरकलेलं आहे. ते कसं उरकलंत, तिकडे येतेच.

विषय एकाच प्रश्नाचा आहे. जीसीएसई, म्हणजे इथली सोळाव्या वर्षीची शालान्त परीक्षा. तिच्यात एक्यूए बोर्डाच्या इंग्लिश लँग्वेजचा दुसरा पेपर, त्यातला पाचवा प्रश्न. पेपर 80 गुणांचा, त्यातले 40 या एकट्याला. पावणेदोन तासांपैकी 45 मिनिटं त्याची. एक विधान देतात आणि म्हणतात, तुमचं मत मांडा. कधी लेख लिहा, कधी पत्र, कधी भाषण. बोर्डाच्या एका नमुना पेपरात विधान होतं की गृहपाठाला काही किंमत नाही. मुलं खूश होतात. विषय अगदी जिव्हाळ्याचा!

आणि मग घोळ होतो. शाळेत त्यांना एक शब्द घोकायला दिलेला असतो, ‘अफॉरेस्ट’. इंग्रजीत सात अक्षरं (AFOREST), सात युक्त्या: अनुप्रास, वस्तुस्थिती, मत, ज्याचं उत्तर नकोय असा प्रश्न, भावनेला हात घालणारे शब्द, आकडेवारी आणि तीन-तीनच्या जोडण्या. मूल हॉलमध्ये बसलं की आधी समासात ही अक्षरं उभी मांडतं आणि लिहिताना एकेकावर बरोबरची खूण करत जातं. वाण्याकडची यादीच. साखर झाली, रवा झाला, अनुप्रास राहिला.

मी शाळेत सराव परीक्षांचे असे गठ्ठे तपासलेत. दर तिसऱ्या उत्तरात ‘87 टक्के विद्यार्थ्यांना वाटतं’. कुठले विद्यार्थी, कोणी विचारलं, काही नाही. परीक्षेत आकडा बनवला म्हणून कोणी पकडत नाही, हे खरं. पण तपासणाऱ्याला पन्नासाव्या पेपरात तो पोकळ आकडा ऐकूच येईनासा होतो. गृहपाठाच्या लेखात एकानं थंडीत कुडकुडणारं कुत्र्याचं पिल्लू आणलं होतं. का रे बाबा? तर म्हणे, ‘मिस, इमोटिव्ह लँग्वेज राहिली होती.’

गुण कसे देतात ते बघा. 40 पैकी 16 स्पेलिंग, विरामचिन्हं, वाक्यरचना यांचे. उरलेले 24 मजकुराचे आणि मांडणीचे. त्यातल्या सगळ्यात वरच्या पातळीचे दोन शब्द आहेत, ‘कन्व्हिन्सिंग’ आणि ‘कम्पेलिंग’. वाचणाऱ्याला पटलं पाहिजे आणि त्याला ते खाली ठेवता येऊ नये. युक्त्या किती वापरल्या, हे कुठेही मोजत नाहीत.

आता आपल्या घरात या. ‘हे घर आहे की धर्मशाळा?’ हा प्रश्न ज्यांनी ऐकलेला नाही त्यांनी हात वर करा. (हशा) बघा. कोणत्याही आईला याचं उत्तर नको असतं. रात्री साडेअकराला दार उघडून एकदाच म्हटलं की मूल खाली मान घालून आत येतं. तोच प्रश्न दिवसातून सहा वेळा विचारा, ते हेडफोन लावेल. टिळकांनी 1897 मध्ये ‘केसरी’त विचारलं, ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ सव्वाशे वर्षं तो प्रश्न मराठी माणसाच्या तोंडी आहे. अग्रलेखाच्या कपाळावर तो एकटाच उभा होता. त्याच्यामागे आणखी पाच प्रश्न रांगेत उभे केले असते, तर त्याची धार गेली असती.

आणि मुलांनो, तुम्ही तरी कमी आहात का? ‘सगळ्यांचे आईबाबा स्लीपओव्हरला हो म्हणालेत’, ही तुमची आकडेवारी. ती घरात कधी चालते का? नाही. कारण बाबा विचारतात, ‘सगळे म्हणजे कोण?’ परीक्षकही मनात तेच विचारतो. पण एखादी मुलगी म्हणते, ‘तुम्हाला काळजी वाटते ती मला कळते, मागच्या वेळी माझा फोन बंद पडला होता. या वेळी मैत्रिणीच्या आईचा नंबर देऊन जाते’, तेव्हा बाबांचा विरोध निम्मा गळतो. तिनं काय केलं? समोरच्याची बाजू आधी आपणच मांडली. आपल्याकडे शास्त्रचर्चेत याला पूर्वपक्ष म्हणत. प्रतिपक्षाचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं मांडायचं, मगच खोडायचं. ‘अफॉरेस्ट’मध्ये याला अक्षरच नाही, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वजन याचंच.

मांडणीसाठी मुलं मला साचा मागतात. मी त्यांना नारदीय कीर्तन सांगते. पूर्वरंगात बुवा अभंग घेऊन मुद्दा उलगडतात, उत्तररंगात आख्यान लावतात. नुसतं निरूपण केलं तर लोक पेंगतात, नुसती गोष्ट सांगितली तर कशासाठी सांगितली ते कळत नाही. लेखातही एक मुद्दा आणि त्याच्यामागे एक खरं चित्र. गृहपाठाच्या विरोधात एका मुलानं लिहिलं होतं की आमच्या घरी एकच टेबल आहे. सात ते आठ धाकटी बहीण, आठला जेवण, मग पुसून झाल्यावर माझी वही, आणि तिच्या कोपऱ्यावर हळदीचा डाग. आकडा नाही, पिल्लू नाही. पण गृहपाठ प्रत्येक घरात सारखा होत नाही, हे त्या डागानं सांगितलं. मी त्याला वरच्या पातळीत टाकलं आणि मग स्पेलिंगचे गुण कापले. ते कापावेच लागतात.

वेळेचं थोडक्यात. पहिली पाच मिनिटं लिहायचंच नाही, वाचणारा कोण ते ठरवायचं. मुख्याध्यापकांना पत्र आणि वर्गापुढे भाषण यांची भाषा एक कशी असेल? शेवटची पाच मिनिटं परत वाचायला.

एक काम देते, मग चहा. आज संध्याकाळी मुलांनी घरात एक गोष्ट मागायची, पण लेखी, एका पानात. टक्केवारी चालणार नाही. प्रश्न एकच चालेल. आणि आईवडिलांनी नाही म्हणायचं असेल तर तेही लेखीच, ‘धर्मशाळा’ न वापरता.