कच्चा माल

(दृश्य: रात्रीचा यंत्रमाग कारखाना. एकच ट्यूबलाइट. धोटा इकडून तिकडे.)

सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या पोराला ठेका वेगळा शिकवावा लागत नाही. मी पाळण्यात होतो तेव्हाही भिंतीपलीकडे माग चालूच होता. आमच्या गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी अशा चार भाषांत भांडणं होतात, पण मागाचा आवाज सगळ्यांच्या घरात एकच.

मी बीट बनवतो. रॅपर ज्यावर म्हणतात ते संगीत. जुन्या गाण्यांतले तुकडे घ्यायचे, कापायचे, पुन्हा वेगळ्या क्रमाने जोडायचे. याला सॅम्पलिंग म्हणतात. या कामात हात बसायला मला वर्षं लागली. पण तुकडा कुठून उचलायचा हे कळायला त्याहून जास्त.

तीन वर्षांपूर्वी मी एका लावणीवर बीट केला. लावणी आली होती फोनवर. कुणीतरी टीव्हीसमोर मोबाइल धरून व्हिडिओ केलेला, आणि तो या फोनवरून त्या फोनवर फिरत माझ्यापर्यंत पोचलेला. इअरफोनवर झकास वाटलं. मग एका कार्यक्रमात मोठ्या स्पीकरवर लावलं, आणि ढोलकी गायब! तिच्या जागी ओल्या पुठ्ठ्यावर थापा माराव्यात तसलं काहीतरी. गाणाऱ्या बाईंचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा. मित्र जवळ येऊन हळूच म्हणाला, "काय करूलालास बे?"

त्या रात्री घरी येऊन चार तास इक्वलायझरची बटणं फिरवत बसलो. वरचा सूर वाढवला की नुसती सळसळ वाढायची. ढोलकीच्या किनारीचा टणत्कार काही परत आला नाही.

(दृश्य: मामांचे हात. कोनावरचं सूत.)

मामांचे चार माग आहेत. त्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी कोनावरून हातभर सूत ओढलं, दोन बोटांत धरून पीळ उलगडला आणि हलकेच ताणलं. तुटलं.

"कच्चं आहे," म्हणाले. "याची चादर दुकानात बघितलीस तर चांगलीच दिसेल. पहिल्या धुण्याला कळतं."

तो मोठा स्पीकर म्हणजे माझं पहिलं धुणं होतं.

गाणं दाबून त्याची लहान फाइल, म्हणजे एमपीथ्री, करताना होतं काय, ते बघा. सीडीवर दर सेकंदाला 1411 किलोबिट माहिती असते. 128 किलोबिटच्या एमपीथ्रीत उरतो जेमतेम अकरावा हिस्सा. कानाला सहसा जाणवणार नाही ते सॉफ्टवेअर टाकून देतं, आणि साधारण 16 हजार हर्ट्‌झच्या वरचं बहुतेक कापूनच टाकतं. नुसतं ऐकायला हे चालून जातं. पण आम्ही तुकडा ताणतो, संथ करतो, खालच्या पट्टीत नेतो. एक सप्तक खाली नेला, की 16 हजारांवरची ती कापलेली कड थेट 8 हजारांवर येते. त्याच्या वर काळोख. मूळ वेगात लपलेली भोकंही आता उघडी पडतात. तीच फाइल कुणी पुढे पाठवली आणि ॲपने ती पुन्हा दाबली, की भोकांवर भोकं. नंतर ती मोठ्या फाइलमध्ये बदलून घेऊन काही उपयोग नाही. विरलेल्या चादरीची जाड घडी घातली म्हणून सूत जाड होत नाही.

(दृश्य: फिरणारी तबकडी, अगदी जवळून.)

मग लोक विचारतात, जुन्या हिप-हॉपचा आवाज तर खरखरीतच असतो ना? असतो. पण तो खरखरीतपणा आला कुठून, हे बघायला हवं.

1987 मध्ये एसपी-1200 नावाचं सॅम्पलिंगचं यंत्र आलं. 12 बिट, 26 हजार हर्ट्‌झच्या आसपास, म्हणजे सीडीहून भरड, आणि सगळी मिळून जागा फक्त 10 सेकंदांची. न्यूयॉर्कच्या पोरांनी त्यावर युक्ती काढली. मिनिटाला 33 फेऱ्यांच्या वेगाची एलपी तबकडी 45 वर वाजवायची, ते चिरचिरं रेकॉर्ड करून घ्यायचं आणि यंत्रात परत संथ करायचं. 10 सेकंदांत साडेतेरा सेकंदांचं गाणं बसायचं! त्या ओढाताणीत आवाजाला जी भरड आली, तिच्यावर आज जग फिदा आहे. पण त्यांच्या हातात अस्सल तबकडी होती, उत्तम स्टुडिओत, उत्तम वादकांनी वाजवलेली. भरड नंतर चढली. आता मेलेल्या फाइलवर तयार खरखर पसरून तिला 'जुना फील' म्हणतात, ते ऐकून मला मनापासून वाईट वाटतं.

माल निवडण्याची ही खोड हिप-हॉपच्या जन्मापासूनची आहे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या 11 ऑगस्ट 1973 च्या पार्टीपासून हिप-हॉप सुरू झालं असं मानतात. त्या पार्टीसाठी प्रसिद्ध असलेला डीजे कूल हर्क आपल्या तबकड्या पाण्यात भिजवून लेबलं काढून टाकायचा. दुसऱ्याला गाणं कळू नये म्हणून.

आणि 1969 मधला 'आमेन ब्रेक' हा नुसत्या ड्रमचा तुकडा. द विन्स्टन्स या बँडचा ड्रमर ग्रेगरी कोलमन, आणि जेमतेम सात सेकंदांचा तुकडा. हजारो गाण्यांत तो वापरला गेला. कोलमनने तो वाजवलाय जबरदस्तच, पण त्या सात सेकंदांत बाकी सगळे गप्प आहेत, हे फार मोठं आहे. ना बेस, ना गाणं. प्रत्येक ठोका सुटा उचलता येतो.

आपल्या जुन्या लावणीत अशी जागा शोधायला धीर लागतो. बरीच जुनी ध्वनिमुद्रणं एका मायक्रोफोनवरची. बाई जवळ, ढोलकी मागे, तुणतुणं आणखी मागे. आवाजाखालची ढोलकी वेगळी काढणारी सॉफ्टवेअर आता आलीत, पण त्यांच्या मागे एक पाणचट सावली उरते. म्हणून मी कडवं संपायची वाट बघतो. बाई श्वास घेतात, ढोलकीवाला सुटतो आणि दोन-चार आवर्तनं निव्वळ त्याची असतात. तो तुकडा मिळाला तरी जपून. ढोलकी पट्टीला लावलेली असते. फार खाली ओढली, की पावसाळ्यात सैल पडलेल्या पुडीसारखी वाजते.

(दृश्य: माळ्यावरची पेटी. जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या तबकड्या.)

या 78 वेगाच्या तबकड्या मित्राच्या आजोबांच्या. लाखेच्या. बाहेरच्या देशांत पन्नाशीच्या दशकाअखेर यांची सद्दी संपत आली, पण आपल्याकडे साठच्या दशकातही निघत होत्या. बीटल्सची गाणीसुद्धा भारतात 78 वर निघालीत. चावीच्या फोनोला वीज लागत नाही, आणि तेव्हा किती गावांत वीज होती?

पहिली तबकडी मी माझ्या नेहमीच्या सुईने वाजवली आणि नुसता पाऊस ऐकू आला. चूक माझी. 78 ची खाच एलपीच्या मानाने फार रुंद. एलपीची बारीक सुई थेट तळाशी जाते, जिथे साठ वर्षांची धूळ बसलेली असते. जाड सुई खाचेच्या भिंतींवर चालते, आणि गाणं भिंतींवरच लिहिलेलं आहे. सुई बदलली आणि त्या पावसातून माणूस गाताना ऐकू आला.

आणखी एक. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. एलपी पुसायच्या स्पिरिटने ही तबकडी पुसाल तर गाणंच पुसून बसाल. पाणी, सौम्य साबण, मऊ कापड, आणि लेबल कोरडं ठेवायचं. स्टिरिओ सुईच्या दोन्ही वाहिन्या एकत्र करून मोनो घ्यायचं. या खाचेत गाणं फक्त आडवं हलतं. सुईच्या वर-खाली उड्यांचा खडखडाट बेरजेत एकमेकांना खातो.

परवानगीचंही सांगून टाकतो. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षांचा, पण गीत-संगीताचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतरही 60 वर्षं चालतो. तबकडी जुनी म्हणून गाणं मोकळं, असं समजू नका.

(दृश्य: जानेवारी. सोलापूरची गड्ड्याची यात्रा. पांढऱ्या बाराबंद्या, नंदीध्वज.)

हलगीसाठी मात्र मी तबकडी शोधत नाही. ती सिद्धेश्वरांच्या यात्रेत समोर वाजते. एका वर्षी फोनवर घेतली. फोन मोठा आवाज आला की आपोआप दाबतो, म्हणून घाव आणि घुमारा एकाच उंचीचे झाले. पुढच्या वर्षी साधा रेकॉर्डर नेला, पातळी हाताने खाली ठेवली, आणि हलगी शेकोटीवर तापवून झाल्या झाल्या उभा राहिलो. कातडं तापलेलं असतं ती पाच-दहा मिनिटं सोन्याची.

(दृश्य: रात्र. खोली. सुई तबकडीवर उतरते.)

त्या पेटीतल्या एका तबकडीला कडेपासून तडा आहे. गाणं सुरू होण्याआधीच्या रिकाम्या खाचेत प्रत्येक फेरीला एक टिक. मिनिटाला 78 फेऱ्या, मिनिटाला 78 टिक. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि शेजारी माग चालू होता. मी संगणकावर बीटचा वेग मिनिटाला 78 ठोक्यांवर लावला. टिक तशीच ठेवली. तिच्यावर गड्ड्यातली हलगी बसवली.

(निवेदन थांबते. तड्याची टिक. मग हलगी.)