वाकळीचे वरंबे

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय बिस्मथ फेराइट नावाच्या ऑक्साइडबद्दल. पण आधी आमच्या वाकळीबद्दल बोलू द्या.

गंगाखेडला आजीनं एका उन्हाळ्यात वाकळ शिवायला घेतली. वरचे थर तिच्या जुन्या लुगड्यांचे, शंभरदा धुतलेल्या. खालचं अस्तर मात्र आत्यानं बाजारातून नवंकोरं मांजरपाट आणलं. आजी म्हणाली, "आधी भिजू घाल." आत्या म्हणाली, "कामून माय? चांगलं तर हाय कापड." आजी पुढं काही बोलली नाही. तिनं सुईत दोरा ओवला. पंधरा दिवस धावदोरा चालला.

घटस्थापनेच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण गंगेवर गेलं. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. तेव्हा पाणी घाटाला लागून असायचं. आता धुणं घेऊन पाणी शोधत फिरावं लागतं आणि त्याला आम्ही विकास म्हणतो. असो. वाकळ वाळूवर वाळत घातली. संध्याकाळी घडी घालायला गेलो, तर चांगली चार बोटं आखूड! मांजरपाट आटलं होतं. लुगडी कशाला आटतात? मग त्यांचं जास्तीचं कापड जाणार कुठं? बाजूला जागा नाही, ते गेलं वर.

त्यातही गंमत बघा. अस्तराला लागून असलेला थर बारीक चुण्या घेऊन मुकाट बसला होता. वरचे थर मात्र ऐकेनात. कुठं सपाट, कुठं उभे वरंबे. आजोबा म्हणाले, "सरी पाडून ठेवली का काय गं? ऊसच लावू." आत्या दोन दिवस जेवायला आमच्यात बसली नाही. मी मात्र रात्री त्या वाकळीत पडून खेळायचो. एक वरंबा बोटानं दाबला की शेजारी दुसरा उठायचा.

तर, अस्तर लहान, वरचं मोठं, जास्तीचं जातं वर. एवढं ध्यानात ठेवा.

बिस्मथ फेराइटमध्ये अणूंची घरं एकाला एक लागून असतात. घराची बाजू साधारण ३.९६ अँगस्ट्रॉम. सेंटीमीटरचे दहा कोटी भाग केले की त्यातला एक अँगस्ट्रॉम. हे घर मुळात थोडं कललेलं, कर्णाच्या दिशेनं ओढल्यासारखं. आता अस्तर घ्यायचं लँथॅनम अ‍ॅल्युमिनेटचं. त्याची घरं ३.७९ची. ते तापवायचं आणि लेझरनं उडवलेली बिस्मथ फेराइटची वाफ त्यावर बसवायची. घरावर घर बसतं, म्हणजे रुंदीत शंभराला चारहून जास्त दाबलं जातं. अस्तर लहान, वरचं मोठं. मग घर वर जातं आणि उंची ४.६५च्या आसपास पोचते. नुसतं ताणलं जात नाही, घराचा आकारच बदलतो. नवा पदार्थ मिसळला नाही की काही नाही, फक्त अस्तर बदललं.

थर पातळ आहे तोवर सगळी घरं उंच. काही दहा नॅनोमीटरच्या (एक नॅनोमीटर म्हणजे दहा अँगस्ट्रॉम) पुढं गेला की वरचे थर ऐकेनात! उंच घरांमध्ये कललेल्या घरांचे पट्टे उठतात. अमेरिकेतल्या बर्कलीच्या संशोधकांनी २००९ साली हे दाखवलं. विजेचा दाब दिला की पट्टे पुसतात, पुन्हा उठतात, आणि त्याबरोबर पृष्ठभाग वरखाली होतो. माझ्या बोटाखालच्या वरंब्यासारखा.

याच पदार्थात साध्या खोलीच्या तापमानाला विजेची आणि चुंबकत्वाची, दोन्ही मांडण्या एकत्र नांदतात. म्हणून त्याला मल्टिफेरॉइक म्हणतात. शाळेत आपण ही व्याख्या आधी पाठ करून घेऊ, वाकळ कुणी दाखवणार नाही.

तुमच्या गॅसच्या लायटरमध्ये टक्‌ करणारा जो खडा असतो, त्यातही अशाच दोन आकारांच्या सीमेचा फायदा घेतात. पण ती सीमा रसायनं मोजून मिसळून आणलेली, आणि त्यात शिसं असतं. इथं ती अस्तरानं आणली, शिशाशिवाय.

ती वाकळ आत्यानं पुढं उसवली, मांजरपाट काढून त्याच्या पिशव्या शिवल्या. त्या पिशव्या मात्र कधीच आटल्या नाहीत.